एंटिटी म्हणजे टेबल नव्हे

डेटाबेस डिझाइन शिकायला घेतलं की 'एंटिटी' हा शब्द लगेच गाठ पडतो, आणि बहुतेक जण 'एंटिटी म्हणजे टेबल' असं वहीत लिहून मोकळे होतात. मला शब्दांच्या मागे लागायची खोड आहे. इथे ती कामी आली.

लॅटिनमध्ये 'एस्से' म्हणजे असणे. त्यावरून 'एन्स', म्हणजे जे आहे ते. त्याला भाववाचक प्रत्यय लागून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'एंटिटास' झालं: असलेपण. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला आणि असलेपणाबरोबरच स्वतंत्रपणे असणाऱ्या गोष्टीलाही लागू झाला. गंमत म्हणजे संस्कृतात 'अस्' धातूवरून 'सत्' आणि त्याला 'ता' लागून 'सत्ता' होतं. मूळ तेच, घडणही तीच. वैशेषिक दर्शनाच्या लेखी सत्ता म्हणजे निव्वळ असलेपण. मराठीत आपण तिला खुर्चीवर नेऊन बसवलं, हा भाग वेगळा.

संगणकशास्त्रज्ञ पीटर चेन यांनी 1976 मध्ये एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल, म्हणजे गोष्टी आणि त्यांच्यातली नाती यांतून डेटा मांडायची पद्धत, मांडलं, तेव्हा एंटिटीची व्याख्या केली ती वेगळी ओळखता येईल अशी गोष्ट म्हणून. सगळं डिझाइन या 'वेगळी'वर उभं आहे. काटेकोर बोलायचं तर ग्रंथालयाचा एकेक सभासद ही एंटिटी. सगळे सभासद मिळून एंटिटी सेट. टेबल त्याच्याही नंतर येतं.

सरावासाठी तेच ग्रंथालय घ्या. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आहेत: नाव, लेखक, आवृत्ती सगळं सारखं. एक प्रत हरवली. नेमकी कोणती, हे तुमच्या आराखड्यातून सांगता येतं का? येत नसेल, तर 'पुस्तक' आणि 'प्रत' वेगळ्या करा आणि प्रतीला दाखल क्रमांक द्या. मुखपृष्ठाच्या रंगासाठी एवढा खटाटोप नको, तो गुणधर्म. बिलातली ओळ मात्र अधलीमधली: बिल क्रमांकाशिवाय तिला ओळखच नाही, म्हणून ती वीक एंटिटी.

मुलाखतीत हमखास विचारतात, पत्ता एंटिटी की अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे गुणधर्म? एका शब्दात उत्तर देऊ नका, आधी सिस्टिम कशासाठी आहे ते विचारा. पार्सल पाठवायचं असेल तर पत्ता ग्राहकाचा गुणधर्म म्हणून भागतो. मालमत्ता कर आकारायचा असेल तर मालक बदलला तरी घराची नोंद तीच राहायला हवी, म्हणून तिथे पत्ता स्वतंत्र एंटिटी.