समुद्र संवर्धनासाठी चित्रे व छायाचित्रांचे प्रदर्शन कसे मांडावे

समुद्राविषयी प्रदर्शन भरवायचे ठरले की प्लास्टिक, प्रवाळ, अतिमासेमारी, तेलगळती असे सगळेच दाखवण्याचा मोह होतो. तो आवरावा. एकच प्रश्न निवडून तो एका वाक्यात लिहून काढावा आणि जी कलाकृती त्या वाक्यात काही भर घालत नाही, ती कितीही देखणी असली तरी बाजूला ठेवावी. मध्यम आकाराच्या दालनाला पंचवीस-तीस कलाकृती पुरतात.

निवड करताना छायाचित्राचा खरेपणा सर्वांत आधी तपासावा. अमेरिकी छायाचित्रकार ख्रिस जॉर्डन यांनी २००९ पासून पॅसिफिक महासागरातील मिडवे बेटांवर अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या मृत पिल्लांची छायाचित्रे टिपली. कुजलेल्या पिसांमध्ये, पोटाच्या जागी, बाटल्यांची झाकणे आणि लायटर दिसतात. त्यातला एकही तुकडा आपण हलवलेला नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे आणि त्या चित्रांचे वजन या सांगण्यावरच उभे आहे. म्हणून प्रत्येक छायाचित्रकाराकडून चित्र कुठे, केव्हा आणि कसे टिपले याची लेखी माहिती घ्यावी. प्राणी मत्स्यालयातला असेल किंवा चित्रात काही जोडले-पुसले असेल, तर ते भिंतीवर लिहावे. एक बनाव उघडा पडला, तर उरलेल्या सगळ्या खऱ्या चित्रांवरचाही विश्वास उडतो.

रंगांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. पाण्यात तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे काही मीटर खोलीवरच लाल मासा करडा दिसू लागतो. फ्लॅश वापरून त्याचा मूळ रंग मिळवणे योग्य, पण संगणकावर निळाई आणि लाली भडक करणे अयोग्य.

चित्राखालच्या मजकुराकडे बहुतेक संयोजक शेवटच्या दिवशी वळतात. माझ्या मते ही या कामातली सर्वांत मोठी चूक आहे. विरंजन झालेल्या, म्हणजे रंग जाऊन पांढऱ्या पडलेल्या प्रवाळाचे छायाचित्र घ्या. निळ्या पाण्यात बर्फासारख्या पांढऱ्या फांद्या पाहून प्रेक्षक ‘किती सुंदर!’ म्हणतो आणि पुढे जातो. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी सुमारे एक अंश सेल्सिअसने जास्त, तेही काही आठवडे राहिले, की प्रवाळ आपल्या ऊतींमधील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात. रंग आणि बरेचसे अन्न त्यांना त्या शैवालाकडूनच मिळत असते, त्यामुळे तो पांढरेपणा म्हणजे उपासमार असते. प्रवाळ त्या क्षणी जिवंत असतो आणि पाणी वेळेत थंड झाले तर सावरूही शकतो. हे चाळीस-पन्नास शब्दांत, शास्त्रीय संज्ञांचा पसारा न मांडता लिहावे आणि समुद्रविज्ञानाच्या अभ्यासकाकडून तपासून घ्यावे. शक्य असल्यास त्याच जागेचे विरंजनापूर्वीचे छायाचित्र शेजारी लावावे.

किनाऱ्यावरच्या कचऱ्यातून शिल्प करायचे असेल, तर गोळा केलेल्या वस्तू गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवाव्यात, कारण मीठ राहिले तर धातू गंजतो आणि रंग सुटतो. कचरा कोणत्या किनाऱ्यावरून, किती किलो आणि किती वेळात जमला याची नोंद शिल्पाशेजारी लावावी. शिल्पाइतकेच लोक ती नोंदही वाचतात. शंख-शिंपले आणि प्रवाळांचे तुकडे मात्र उचलू नयेत. शंखांत खेकडे राहत असतात आणि दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक कराराचे निर्बंध आहेत.

मांडणी करताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवावा आणि काचेवर चकाकी येणार नाही अशा तिरप्या कोनातून प्रकाश सोडावा. लहान मुले आणि चाकाच्या खुर्चीवरून येणारे प्रेक्षक यांच्यासाठी काही चित्रे खाली लावावीत. छपाई कागदावर किंवा कापडावर करावी. प्लास्टिकच्या प्रदूषणावरचे प्रदर्शन फ्लेक्सवर छापणे मला पटत नाही. विचारी प्रेक्षकाच्या नजरेतूनही ते सुटत नाही. उद्घाटनासाठी ८ जूनचा जागतिक महासागर दिन सोयीचा ठरतो, मात्र दालन काही महिने आधी राखून ठेवावे लागते.

बाहेर पडण्याच्या दाराजवळ एक टेबल मांडून तिथे स्वयंसेवक बसवावा. पुढची किनारा-सफाई कधी आहे आणि कोणत्या निर्णयावर हरकती-सूचना पाठवता येतील, हे तारखेसह सांगणारा एक कागद त्याच्याकडे असावा. प्रदर्शन उतरवल्यावर चौकटी शाळांना फिरत्या प्रदर्शनासाठी द्याव्यात, आणि शिल्पातील प्लास्टिकची पुढची विल्हेवाट कोण लावणार हे प्रदर्शन सुरू होण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.