मेल गेला, पण पोचला नाही: संस्थांनी ईमेल आणि याद्यांच्या कामात या चुका टाळा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ओळखीच्या संस्थांचे फोन सुरू होतात. बहुतेकांची तक्रार एकच असते. "आम्ही प्रमाणपत्रं मेल केली आहेत, पण देणगीदार म्हणतात मिळालीच नाहीत." आर्थिक वर्ष २०२१-२२पासून ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) असलेल्या संस्थेला वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण फॉर्म १०बीडीमध्ये, ३१ मेपर्यंत आयकर विभागाच्या पोर्टलवर भरावं लागतं. ते भरलं की प्रत्येक देणगीदाराचं १०बीई प्रमाणपत्र निघतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. एवढी धावपळ करून काढलेलं प्रमाणपत्र स्पॅममध्ये जाऊन पडतं आणि देणगीदाराचा समज होतो की संस्थेचा कारभार ढिसाळ आहे.

मी पुणे, सातारा, सोलापूर भागातल्या लहान संस्थांना कॉम्प्युटरच्या कामात मदत करतो. दोन-तीन पगारी माणसं, बाकी कार्यकर्ते, ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर, असा बहुतेकांचा संसार. "आमच्याकडे सॉफ्टवेअरला पैसे नाहीत" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. पण लागणारी बरीचशी साधनं फुकट किंवा अगदी स्वस्तात मिळतात. नुकसान होतं ते ती अर्धवट लावल्यामुळे आणि ती कुणाच्या नावावर आहेत याची चौकशी कुणी न केल्यामुळे.

जीमेलवरून सातशे जणांना एकदम मेल

साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जातात. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आवाहनाला सातशे पत्ते टाकले की जीमेल खातं अडवतं, आणि २४ तासांपर्यंत साधं उत्तरसुद्धा पाठवता येत नाही. असं झालं तर घाबरून पासवर्ड बदलत बसू नका. थांबा, बंदी आपोआप उठते. त्याहून वाईट म्हणजे घाईत सगळे पत्ते 'टू'मध्ये टाकले जातात आणि प्रत्येक देणगीदाराला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसतात. एका संस्थेत याच कारणाने एका ज्येष्ठ देणगीदार बाईंनी देणगी थांबवली. पत्र लिहून माफी मागितल्यावर त्या परत आल्या, पण मधे दोन वर्षं गेली.

मग कुणीतरी सांगतं, ब्रेव्हो किंवा मेलचिंप अशी एकगठ्ठा मेल पाठवणारी सेवा वापरा. सल्ला बरोबर आहे. ब्रेव्होवर दिवसाला ३०० मेल फुकट जातात, लहान संस्थेला तेवढे पुरतात. यादी मोठी असेल तर दोन-तीन दिवसांत विभागून पाठवा. चूक होते ती पुढे. 'पाठवणारा' म्हणून संस्थेचा जुना जीमेलचाच पत्ता टाकला जातो. पत्ता गूगलचा आणि मेल निघतो दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून, म्हणजे लेटरहेड एकाचं आणि शिक्का दुसऱ्याचा. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी याबाबतीत नियम कडक केले आहेत. दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांना जास्त अटी आहेत, पण पाठवणाऱ्याची ओळख पटली पाहिजे ही अट तुमच्याआमच्यासारख्या लहानांनाही लागू आहे. मेल परत आला आणि त्यात ५.७.२६ असा आकडा दिसला, तर ओळख पटली नाही असं समजा.

उपाय म्हणजे संस्थेचं स्वतःचं डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ च्या पुढे येणारं संस्थेचं नाव. वर्षाला हजार-पंधराशेच्या आसपास खर्च येतो. तो करा, याला पर्याय नाही.

एसपीएफच्या दोन ओळी

डोमेन घेतलं तरी मेल स्पॅममध्ये जातोच, अशी तक्रार असते तेव्हा मी एकच गोष्ट करायला सांगतो. संस्थेच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलला मेल पाठवा, तो कॉम्प्युटरवर उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर जाऊन 'शो ओरिजिनल' दाबा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतात. पाठवणारा खरा आहे का, याच्या या तीन तपासण्या. तिन्हींपुढे 'पास' पाहिजे.

मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका संस्थेत मी असाच तक्ता उघडला, तर एसपीएफपुढे 'पर्मएरर' होतं, म्हणजे ओळच चुकीची. डोमेनच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथे एसपीएफच्या दोन ओळी होत्या: एक गूगलची, पहिल्या कार्यकर्त्याने टाकलेली, दुसरी मेलिंग सेवेची, दोन वर्षांनी आलेल्या मुलीने टाकलेली. दोघांनीही आपापल्या परीने बरोबर केलं होतं. पण एसपीएफ ही एका डोमेनला एकच ओळ असावी लागते. तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुणाकुणाला आहे, याची ती यादी असते, आणि दोन याद्या दिसल्या की समोरचा सर्व्हर एकही मानत नाही. आम्ही दोन्ही सेवांची नावं एकाच ओळीत आणली, दुसरी ओळ पुसली. तासाभराने पुन्हा मेल पाठवला. 'पास'.

ही ओळ तपासताना समोरच्या सर्व्हरला दहापेक्षा जास्त चौकशा कराव्या लागल्या तरीही ती फेल जाते. म्हणून वापर बंद केलेल्या सेवांची नावं वेळच्या वेळी काढून टाका.

डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. तिथली चूक ठरलेली असते. गूगल वर्कस्पेस (संस्थेच्या डोमेनवर चालणारी गूगलची मेल आणि ड्राइव्ह सेवा) वापरत असाल तर तिच्या ॲडमिनमध्ये किल्ली तयार करायची, ती डोमेनमध्ये टाकायची, आणि मग परत ॲडमिनमध्ये येऊन 'स्टार्ट ऑथेंटिकेशन' दाबायचं. हे शेवटचं बटण दाबायचं बहुतेकांचं राहतं. या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, हे डीमार्कची ओळ सांगते. ती सुरुवातीला 'नन' (काहीच करू नका) धोरणाने ठेवा. सगळं नीट चालतंय याची खात्री पटल्याशिवाय ती कडक करू नका, नाहीतर स्वतःचेच मेल अडतील.

तांत्रिक बाजू सुधारली तरी यादी खराब असेल तर उपयोग नाही. मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांच्या स्पॅम तक्रारी ०.३ टक्क्यांखाली असाव्यात असं गूगल म्हणतं. म्हणजे हजारात तीन. सोसायटीच्या ग्रुपवरून किंवा कुठल्याशा प्रदर्शनातल्या नोंदवहीतून न विचारता उचललेले दोनशे पत्ते एवढ्या तक्रारी सहज घडवतात. 'यादीतून नाव काढा' ही लिंक लपवू नका. ती सापडली नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो.

फुकट योजना कुणाला, कुणाला नाही

गूगलची वर्कस्पेस नोंदणीकृत ना-नफा संस्थांना फुकट मिळते. मायक्रोसॉफ्ट ३६५चं बिझनेस बेसिकही त्यांना ३०० जणांपर्यंत फुकट आहे. मायक्रोसॉफ्ट पूर्वी बिझनेस प्रीमियमचे १० परवानेही फुकट द्यायचं. जुलै २०२५पासून पुढच्या नूतनीकरणाला ते बंद झाले. तुमच्याकडे ते असतील तर नूतनीकरणाची तारीख आजच बघा.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नावापायी. धर्मादाय आयुक्तांकडच्या प्रमाणपत्रावर मराठी नाव, पॅनवर त्याचं एक इंग्रजी स्पेलिंग, वेबसाइटवर दुसरं. पडताळणी करणारा माणूस परदेशात बसलेला असतो, त्याला 'मंडळ' आणि 'ट्रस्ट' एकच आहेत हे कसं कळणार? अर्जात पॅनवरचं नाव अक्षरशः तसंच लिहा आणि नोंदणी प्रमाणपत्राचं इंग्रजी भाषांतर जोडा.

शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बचत गटांच्या उद्योगांना मात्र या योजना मिळत नाहीत. काम कितीही समाजाचं असलं तरी उत्पादक कंपनी सभासदांना नफा वाटते, ती ना-नफा नसते. यात अर्ज करकरून महिने घालवणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी झोहो मेलची पाच जणांची फुकट योजना चांगली आहे. आउटलुकसारख्या बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये ते खातं जोडता येत नाही, ब्राउझर किंवा झोहोचंच ॲप वापरावं लागतं. आधी माहीत असलं की त्रास होत नाही.

लिस्टमंक हे झिरोधा या शेअर दलाली कंपनीच्या लोकांनी केलेलं, याद्यांना मेल पाठवायचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ॲमेझॉनच्या एसईएस या मेल पाठवणाऱ्या सेवेला जोडलं तर हजार मेलना १० सेंट लागतात. आकडा मोहात पाडतो. पण सर्व्हर सांभाळणारं माणूस संस्थेत नसेल तर या वाटेला जाऊ नका.

एक्सेलने खाल्लेले आकडे

सगळ्यात जास्त नुकसान मी इथे पाहिलं आहे. शिष्यवृत्तीची रक्कम मुलांच्या खात्यात टाकायची होती. काही खाती नाकारली गेली. यादी उघडली, तर सोळा आकडी खातेक्रमांकांचा शेवटचा आकडा शून्य. सगळ्यांचाच. एक्सेल कुठल्याही संख्येचे पंधराच आकडे जपतं, पुढच्या जागी शून्य भरतं. मूळ आकडा गेला तो गेलाच, 'अनडू' करून परत येत नाही. शेवटी पासबुकांच्या झेरॉक्स काढून पुन्हा भरावं लागलं, आणि मुलांचे पैसे तीन आठवडे लांबले. खातेक्रमांक, मोबाइल, आधार, पिनकोड हे रकाने भरायला घेण्यापूर्वी 'टेक्स्ट' करा. मोबाइलच्या जागी ९.१९ई+११ असं दिसलं तर तो आकडा अजून वाचवता येतो, रकाना 'नंबर' करून दशांश शून्य ठेवा. पण तशाच अवस्थेत फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून सेव्ह केली की संपलं.

सीएसव्ही करताना मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडा. जुन्या याद्या श्रीलिपीत किंवा कृतीदेवमध्ये असतील, तर त्या दुसऱ्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारख्या दिसतात. त्या युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या मराठीत) बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरं, रफार, 'ऱ्या' एकदा डोळ्यांखालून घाला. तिथे हमखास गडबड असते.

गावांची नावं हा आणखी एक विषय. 'वडगाव बुद्रुक', 'वडगाव बु.', 'वडगांव बु' ही एकाच गावाची तीन गावं होतात आणि अहवालात लाभार्थी गावांची संख्या फुगते. शिवाय पुणे जिल्ह्यातच वडगाव शेरी आहे, वडगाव मावळही आहे. गाव, तालुका आणि जिल्हा तीन रकान्यांत ठेवा आणि गाव टाइप करू न देता यादीतून निवडायला लावा.

देणगीदारांच्या यादीत पहिल्या दिवसापासून १०बीडीला लागतात तेच रकाने ठेवा: नाव, पत्ता, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक, रक्कम, देणगीचा प्रकार, रोख की बँकेतून. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर असा क्रम असतो. व्यक्तीच्या पॅनचं चौथं अक्षर 'पी'. एवढी तपासणी एक्सेलच्या 'डेटा व्हॅलिडेशन'मध्ये लावली तरी शून्य आणि 'ओ'चे घोळ लगेच पकडले जातात. माणूस ओळखायला नाव वापरू नका, कुलकर्णी आणि जाधव प्रत्येक यादीत पाच-सहा सापडतात.

फील्डवरचा डेटा

कोबो टूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या साधनात फोनवर फॉर्म ऑफलाइन भरता येतो, म्हणून मेळघाटापासून कोकणापर्यंत तो उपयोगी पडतो. पण भरलेला फॉर्म पाठवेपर्यंत त्या फोनमध्येच असतो. ॲप काढून टाकलं किंवा फोन बदलला तर दिवसभराची पायपीट वाया. रेंजमध्ये आल्यावर न पाठवलेले फॉर्म शून्य झाले का, हे कार्यकर्त्याला बघायला लावा.

आणि लाभार्थ्यांची शीट 'लिंक असलेल्या कुणालाही' उघडी ठेवू नका. आधार खरोखर लागतंय का, आधी विचारा. लागत नसेल तर घेऊच नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागणार आहे. बालवाडी, वसतिगृह, अभ्यासिका चालवणाऱ्यांनी संमतीपत्राचा कागद आत्ताच मराठीत करून घ्यावा, पालकांना वाचता येईल अशा भाषेत.

चाव्या कुणाकडे?

डोमेन एका उत्साही मुलाने स्वतःच्या ईमेलवरून घेतलेलं असतं. तो नोकरीला बंगळूरला जातो, नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या खात्यात येते, आणि एक दिवस संस्थेची वेबसाइट आणि सगळे मेल बंद पडतात. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं तर गूगल स्वतःच पुसू शकतं. डोमेन अजून मुदतीत असेल तर त्या मुलाला आज फोन करा आणि ते संस्थेच्या नावावर करून घ्या.

कुणी संस्था सोडताना त्याचं वर्कस्पेस खातं लगेच डिलीट करू नका. आधी त्याच्या ड्राइव्हमधल्या फाइलींची मालकी दुसऱ्याकडे द्या. चुकून डिलीट झालंच तर २० दिवसांच्या आत ॲडमिनमधून परत आणता येतं. वैयक्तिक जीमेलच्या ड्राइव्हमधल्या फाइलींची मालकी मात्र संस्थेच्या खात्याकडे देता येत नाही, त्यांची प्रत काढून घ्यावी लागते.

ॲडमिन नेहमी दोन जण ठेवा, त्यातला एक विश्वस्त. डोमेन कुठे घेतलं, कोणत्या खात्याने, नूतनीकरण कधी, मेलिंग सेवा कोणती, दोन्ही ॲडमिन कोण, एवढं एका कागदावर लिहा. पासवर्ड त्यावर लिहू नका. पुढच्या विश्वस्त सभेत तो कागद वाचून दाखवा, इतिवृत्ताच्या वहीत चिकटवा आणि खाली अध्यक्ष व सचिवांची सही घ्या.