नादारीचा अर्ज करण्यापूर्वी: कोल्हापुरातील कर्जदाराने वकिलाकडे जाताना काय समजून घ्यावे

कर्ज फेडणे हाताबाहेर गेलेला माणूस वकिलाकडे येतो, तेव्हा ‘मला दिवाळखोरी जाहीर करता येईल का?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर कर्जाच्या आकड्यावर फारसे ठरत नाही. कर्ज कोणाच्या नावावर आहे, त्याला तारण काय दिले आहे आणि वसुली कोणत्या टप्प्यावर पोहोचली आहे, यांवर ते ठरते. बोलण्यात आपण दिवाळखोरी म्हणतो, न्यायालयीन मराठीत मात्र ‘नादारी’ हा शब्द आहे. शाळेत फी माफ झालेल्या मुलाला नादारी मिळाली असे पूर्वी म्हणत, तोच हा शब्द. पण न्यायालयातील नादारी म्हणजे माफी नव्हे, हे आरंभीच लक्षात घ्यावे.

वर्तमानपत्रांतून २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेविषयी एवढे छापून आले आहे की सर्वसामान्य कर्जदारालाही तीच लागू असेल, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तोही केवळ कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. अत्यंत अल्प उत्पन्नाच्या माणसासाठी संहितेत ‘नवी सुरुवात’ अशी एक प्रक्रिया आहे: वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत, कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशांसाठी. पण तो भाग अंमलात आणलेला नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर कोणी राहू नये. पगारदार, दुकानदार, यंत्रमागधारक किंवा शेतकरी यांच्यासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच लागू आहे, आणि त्याखालील अर्ज जिल्हा न्यायालयात, म्हणजे आपल्याकडे कसबा बावड्यात, किंवा शासनाने तसा अधिकार दिलेल्या दुय्यम न्यायालयात करावा लागतो.

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीवाल्याची गोष्ट यामुळेच वेगळी पडते. कारखाना प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि बँकेच्या कर्जावर संचालकाने जामीनदार म्हणून सही केली असेल, तर त्याचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाते. तोच कारखाना भागीदारीत किंवा एकट्याच्या मालकीचा असेल, तर १९२० चा कायदा पाहावा लागतो. कंपनीच्या जामीनदाराने अर्ज दाखल होताच मिळणाऱ्या अंतरिम स्थगितीवर, म्हणजे वसुलीला बसणाऱ्या तात्पुरत्या मनाईवर, सारी भिस्त ठेवू नये, कारण २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात जामीनदारांची ती सवलत काढून घेण्याचा प्रस्ताव होता. अर्जाच्या दिवशी कायद्याची नेमकी स्थिती काय आहे, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

१९२० च्या कायद्याखाली स्वतः अर्ज करणाऱ्या ऋणकोला (कर्जदाराला) दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. कर्ज फेडण्यास आपण असमर्थ आहोत, ही पहिली. दुसरी म्हणजे पुढील तिन्हींपैकी निदान एक: कर्ज किमान ५०० रुपयांचे आहे, किंवा पैशाच्या हुकूमनाम्याच्या (न्यायालयाच्या निकालाच्या) दरखास्तीत, म्हणजे तो अंमलात आणण्याच्या कारवाईत, आपल्याला अटक झाली आहे, किंवा अशा दरखास्तीत आपल्या मालमत्तेवर जप्तीचा आदेश कायम आहे. ५०० रुपयांचा आकडा शंभर वर्षांपूर्वीचा असल्याने ती अट आता कोणाला अडवत नाही. खरा वाद असमर्थतेवरच होतो. उत्पन्न आहे पण हप्ते जड जातात, ही अडचण खरी असली तरी ती म्हणजे असमर्थता नव्हे, आणि चांगला वकील हे पहिल्याच भेटीत तोंडावर सांगतो.

त्या पहिल्या भेटीची तयारी घरीच करावी. एका वहीत प्रत्येक धनकोचे (कर्ज देणाऱ्याचे) नाव, पत्ता, मूळ रक्कम, आजची बाकी, तारण आणि जामीनदार अशी नोंद करावी, कारण अर्जात हा तपशील द्यावाच लागतो. पुढे दुसरी यादी मालमत्तेची: सातबारा, आठ अ, शहरातील मिळकत असल्यास प्रॉपर्टी कार्ड, वाहन, दागिने, विमा, भिशीत अडकलेले पैसे आणि लोकांकडून येणे असलेली रक्कम. माझा अनुभव असा की पिशवीभर नोटिसा घेऊन येणारा माणूस बँकेची आणि पतसंस्थेची कर्जे रुपयापैशासह सांगतो, पण मेहुण्याकडून घेतलेले हातउसने दोन लाख त्या यादीत नसतात. ‘ते घरातलेच आहे’ असे तो म्हणतो. कायद्याला ते घरातले नसते. मेहुण्याला अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत इतरांपेक्षा झुकते माप देण्यासाठी गुपचूप पैसे परत केले असतील, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो, आणि यादीत जाणूनबुजून लपवाछपवी केली असेल तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

बक्षीसपत्राविषयी तर अधिकच सावध राहावे. कर्ज वाढू लागले की राहते घर पत्नीच्या नावावर करण्याचा सल्ला कट्ट्यावर हमखास मिळतो. अशा हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला आणि त्यावर माणूस नादार ठरला, तर रिसीव्हर, म्हणजे नादाराची मालमत्ता सांभाळण्यासाठी न्यायालयाने नेमलेली व्यक्ती, ते हस्तांतरण रद्द करून घेऊ शकतो. योग्य मोबदला देऊन प्रामाणिकपणे खरेदी करणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. झाले असेल ते वकिलापासून लपवू नये.

न्यायालयाने नादार ठरवल्यावर मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, आणि नादारीतून मुक्त होण्यापूर्वी, म्हणजे न्यायालयाने उरलेल्या कर्जातून सोडवण्यापूर्वी, वारसाहक्काने काही मिळाले तर तेही जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीपासून वगळलेल्या वस्तू मात्र राहतात: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, बैल व बियाणे आणि तो राहतो ते घर. कोल्हापुरी चप्पल शिवणाऱ्याची रापी आणि ठोकणी या यादीत बसते, पण त्याने विक्रीसाठी भरून ठेवलेला माल बसत नाही. कर्ज केलेल्या शेतकऱ्याचे घर वाचते म्हणून ऊसही वाचेल असे गृहीत धरू नये.

काय थांबत नाही, हेही विचारून घ्यावे. तारण असलेल्या धनकोचा तारणावरील हक्क अबाधित राहतो, त्यामुळे गृहकर्जाच्या थकबाकीत घर वाचवण्यासाठी नादारीचा उपयोग नाही. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालील चेक न वटल्याचा खटला फौजदारी असल्याने चालूच राहतो. शासनाचे देणे, फसवणुकीतून उद्भवलेले कर्ज आणि न्यायालयाने ठरवलेली पोटगी यांतून अखेरही सुटका होत नाही. आणि आपल्या जिल्ह्यात, जिथे पतसंस्थेच्या कर्जाला दोन मित्र किंवा सहकारी हमखास जामीन असतात, तिथे सर्वांत कटू भाग हा की ऋणको मुक्त झाला तरी जामीनदार मुक्त होत नाहीत. अर्ज करण्यापूर्वी त्यांना घरी बोलावून सांगणे कायद्याने बंधनकारक नाही, पण मी ते करायला लावतो.

म्हणूनच वकिलाने आधी इतर वाटा तपासलेल्या बऱ्या. बँकेशी एकरकमी तडजोड होऊ शकते. प्रकरण लोकअदालतीत मिटले, तर तेथील निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नसते. पतसंस्थेने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा निबंधकाचा आदेश) मिळवला असेल, तर त्याविरुद्ध फेरतपासणी मागण्यासाठी वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात, हे हिशेबात धरावे. परवाना नसलेल्या सावकाराचे कर्ज असेल, तर नादारीपूर्वी २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करावी.

वकील दिवाणी काम, विशेषतः दरखास्ती चालवणारा असावा, कारण नादारीची प्रकरणे थोडी असतात आणि प्रत्येकाने ती हाताळलेली नसतात. फी, कोर्ट फी आणि नोटिशींचा खर्च वेगवेगळा लिहून घ्यावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

नादार ठरवणाऱ्या आदेशातच मुक्ततेसाठी अर्ज करण्याची मुदत दिलेली असते, आणि ती चुकली तर नादारीचा आदेशच रद्द होतो व परवानगीशिवाय पुन्हा अर्ज करता येत नाही. मुक्ततेच्या वेळी न्यायालय व्यापाऱ्याच्या मागील तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या आणि मालमत्तेतून विनातारण कर्जाचा निम्मा भाग तरी वसूल होतो का, हे पाहते. होत नसेल तर त्यात आपला दोष नव्हता, हे दाखवावे लागते. त्यामुळे आदेशाची नक्कल हाती येताच मुदतीची तारीख तिच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहावी आणि वह्या रद्दीत जाणार नाहीत, हे घरच्यांना सांगून ठेवावे.