पॉडकास्ट प्लेअरवर वाजत नाही? कन्व्हर्ट करताना या चुका टाळा

कॉम्प्युटरवरून भरलेली फाइल खिशातल्या एमपी३ प्लेअरवर वाजली नाही की लगेच कन्व्हर्टर (फाइलचा प्रकार बदलणारं सॉफ्टवेअर) उघडायचा, ही पहिली चूक. बरेच पॉडकास्ट मुळातच एमपी३ मध्ये येतात आणि एमपी३ न वाजवणारा प्लेअर शोधूनही सापडायचा नाही. अशी फाइल अडत असेल, तर डाउनलोड अर्धवट राहिलं नाही ना, ते आधी बघा. कॉम्प्युटरवर ती शेवटापर्यंत सरकवून पाहा. तिथेही मध्येच थांबली, तर पुन्हा डाउनलोड करा. कन्व्हर्ट करून गहाळ भाग परत येत नाही.

एक्स्टेंशन, म्हणजे फाइलच्या नावाचं शेपूट, बदलणं म्हणजे कन्व्हर्ट करणं नव्हे. 'एम४ए' खोडून 'एमपी३' लिहिलं, तरी आतला ऑडिओ एएसी या प्रकारातलाच राहतो. फाइल खरोखर कशातली आहे, ते कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी या सॉफ्टवेअरमध्ये कोडेकची (ऑडिओ कोणत्या पद्धतीने साठवलाय त्याची) माहिती उघडली की कळतं. एएसी बऱ्याच प्लेअरना चालतं. जुने प्लेअर हमखास अडतात ते ऑपस आणि ऑग व्हॉर्बिस या प्रकारांवर. तेवढ्याच फाइली एमपी३ मध्ये बदला.

आता बिटरेट, म्हणजे सेकंदाभराच्या आवाजाला किती डेटा लागतो ते. ९६ केबीपीएसची फाइल ३२० ची केली, म्हणून आवाज सुधारत नाही. फक्त जागा जाते. ३२० ला तासाभराचा भाग १४४ एमबी होतो, ६४ ला जेमतेम २९. नुसत्या गप्पा असतील तर ६४ आणि मोनो (एकच चॅनल) पुरे, गाणंबिणं असेल तर १२८ आणि स्टिरिओ. फाइल लहान करायची म्हणून एमपी३ चीच पुन्हा एमपी३ करत बसू नका. दर वेळी थोडा आवाज गळतो, आणि 'स', 'श' कानाला खरखरीत लागायला लागतात.

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले, तो आकडा) ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा. आवाज कार्टूनमधल्या चिपमंकसारखा चिरका होऊन पळत असेल, तर संशय इथेच घ्यावा. व्हेरिएबल (सतत कमीजास्त होणाऱ्या) बिटरेटच्या नादी तर लागूच नका: काही प्लेअर त्यात एकूण वेळ चुकीची दाखवतात आणि पुढे सरकवलं की भलतीकडे उडी मारतात. कॉन्स्टंट (कायम एकच) निवडा. पन्नास भाग रांगेला लावण्याआधी एकच भाग करून प्लेअरवर ऐका, एवढं तरी कराच.

सगळं वाजतंय, पण भाग मागेपुढे लागतायत? बरेच साधे प्लेअर नावाचा क्रम बघतच नाहीत. फाइली ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात. नावाआधी ०१, ०२ घाला आणि रिकाम्या फोल्डरमध्ये त्याच क्रमाने एकेक कॉपी करा. मेमरी कार्ड एक्सफॅटमध्ये (कार्डावर फाइली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट केलेलं असेल, तर बऱ्याच जुन्या प्लेअरना ते दिसतच नाही. त्यांना फॅट३२ ही पद्धत लागते.

मराठी शीर्षकाच्या जागी चौकोन दिसले, तर प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट नाही. तिथे रोमन नावं देण्यावाचून इलाज नाही. पण चित्रविचित्र अक्षरं दिसली, तर घोळ टॅगचा, म्हणजे फाइलमध्ये साठवलेल्या शीर्षक वगैरे माहितीचा. टॅग एडिटरमध्ये आयडी३ची (एमपी३च्या टॅगची पद्धत) २.३ आवृत्ती आणि यूटीएफ-१६ हे अक्षरांचं एन्कोडिंग निवडून सेव्ह करा. ऑडिओला हात लावायची गरज नाही.