घर विकण्याआधी दुरुस्ती काढताना : तयारीची यादी

विदर्भातल्या खेड्यात घर विकायचे ठरले की पहिला खर्च रंगावर आणि फरशीवर होतो, आणि माझ्या मते पैसा वाया जाण्याची सुरुवात तिथेच होते. गावात घर घेणारा बहुधा त्याच पंचक्रोशीतला असतो. पावसाळ्यात कोणत्या गल्लीत पाणी साचते हे त्याला ठाऊक असते, आणि भिंतीच्या रंगाआधी तो तिच्या बुडाकडे पाहतो.

मिस्त्रीला बोलावण्याआधी कागद काढून बसावे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे. केवळ त्यावर मालकी सिद्ध होत नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल, तर मालमत्ता पत्रक काढून त्यातले क्षेत्र जागेवर ताडून पाहावे, विशेषतः सांदवाडीत, म्हणजे घरालगतच्या मोकळ्या जागेत, नवी खोली काढण्याचा विचार असल्यास. घर अजून वडिलांच्याच नावावर असेल, तर बहिणींसह सर्व वारसांची नोंद आधी व्हावी.

त्यानंतर भिंती. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते, त्यामुळे कमी खोल पायाच्या घरांना खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या भेगा जातात आणि दारे चौकटीत अडकतात. अशा भेगेत पुट्टी भरून रंग दिला, तर पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. आधी भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहून ठेवावी. ऋतू पालटताना काच तडकली, तर पाया अजून हलतो आहे असे समजून जाणकार अभियंत्याला दाखवावे. दरम्यान घराभोवती बाहेर उतार देऊन तीनेक फुटांचा सिमेंटचा पट्टा टाकावा आणि छताचे व न्हाणीचे पाणी भिंतीलगत मुरू न देता नालीपर्यंत न्यावे. गल्लीतला सिमेंट रस्ता थरावर थर पडून जोत्याइतका उंच झाला असेल, तर पाण्याची वाट आधी काढावी. ती न काढता आत महागडी फरशी बसवणे व्यर्थ आहे.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात पाण्याची काळजी वेगळीच घ्यावी लागते. तिथल्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात छपाईचा (प्लास्टरचा) माल कालवला, तर भिंतीवर पांढरा क्षार फुलतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. स्लॅबमध्ये तेच पाणी गेले तर सळई गंजते. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. पाणी तपासून घ्यावे, नाहीतर गोड्या पाण्याचा टँकर आणावा.

छताचे काम मृगाआधी उरकावे : कवेलू (कौले) फेरावेत, स्लॅबचा उतार आणि कोबा नीट करून घ्यावा. मातीच्या जुन्या भिंतींवर नवी माडी चढवू नये. सागवानी दार आणि चौकट मजबूत असेल, तर ती काढून लोखंडी दार बसवण्याचा मोह टाळावा; उधळी (वाळवी) लागली आहे का हे उंबऱ्याजवळ टोच्याने टोचून पाहावे, घासून तेलपाणी करावे, एवढ्याने ते दार घराची किंमत राखते. संडास, न्हाणी, पाण्याची टाकी आणि अर्थिंगसह नवी वायरिंग यांवर खर्च करावा. फॉल्स सीलिंगसारख्या सजावटीचे पैसे गावच्या दरात सहसा निघत नाहीत. म्हणून अंदाजपत्रक करताना गावात अलीकडे कोणते घर कितीला गेले याची चौकशी करावी.

मोठ्या कामांची पक्की बिले जपावीत, कारण भांडवली नफ्याचा हिशेब करताना टिकाऊ सुधारणांचा खर्च धरता येतो. शक्य असेल तर दुरुस्तीनंतर एक पावसाळा घरावरून जाऊ द्यावा, कुठे ओल आली ते पाहून ती बुजवावी आणि रंग त्यानंतरच द्यावा. सोयाबीन-कापसाचा पैसा दिवाळीच्या सुमारास गावात येऊ लागतो, तोवर घर दाखवायला तयार असावे.