नळी बदलल्यावर पहिली गोळी भरण्याआधी

मी इंदूरच्या रामबागेत राहते, पॉइंट बावीसच्या रायफलने स्पर्धा खेळते. नळी बसवण्याचं काम माझं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. ते परवानाधारक कारागीरच करतो. पण हेडस्पेसची तपासणी मी त्याच्याशेजारी उभी राहून बघतेच.

बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा. त्याचा चेहरा, म्हणजे पुढचा सपाट भाग, आणि काडतुसाच्या तळाची कड जिथे टेकते, त्यांतलं अंतर म्हणजे हेडस्पेस. आधी रायफल रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री. टेबलावर एकही काडतूस नको. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, कोरडं पुसायचं. तेलाचा थर किंवा पितळेचा कण माप बिघडवतो. फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी) व एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) काढायचे.

मग काडतुसाच्या जागी ०.०४३ इंचाचा 'गो' गेज, म्हणजे ठरावीक जाडीचं धातूचं माप, घालायचा. बोल्ट दोन बोटांनी अलगद मिटला पाहिजे. ०.०४६ इंचाच्या 'नो-गो' गेजवर मिटता कामा नये. फरक वहीच्या पानाच्या जाडीएवढा! म्हणून जोर अजिबात लावू नका, दाबलं की गेज खोटं बोलतो.

'नो-गो'वर बोल्ट मिटला तर अंतर जास्त आहे, आणि गोळी झाडताना काडतुसाची कड फुटून तापलेला वायू थेट तोंडावर येऊ शकतो. मागे एकदा बोल्ट असा मिटला, तेव्हा मी स्पर्धा सोडली आणि रायफल तिथेच ठेवून आले.