नववीतल्या मुलांनो, रायटर व्हा

दहावीला बसणाऱ्या अंध मुलांना पेपर लिहायला रायटर, म्हणजे प्रश्न वाचून दाखवणारा आणि ती सांगतील ते लिहिणारा, लागतो आणि तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला असावा लागतो. म्हणजे इथे आईबाबा, ताई-दादा कुणीच उपयोगाचे नाहीत. नववीतली मुलं हवीत. मी शाळेत मराठी शिकवते. माझ्या वर्गातली मुलं या कामाला जातात, आणि फोटोपुरत्या स्वच्छता मोहिमेपेक्षा मला याचं मोल कितीतरी जास्त वाटतं. तुम्ही गेला नाहीत, तर कुणाचा तरी पेपर अडतो.

दिवाळीची सुट्टी संपली की मुख्याध्यापकांशी बोला आणि जवळच्या अंधशाळेत चौकशी करा. पालकांची संमती, बोनाफाईड, ओळखपत्र, फोटो असे कागद लागतात. त्या वर्षी नेमकं काय हवं, ते परीक्षार्थीच्या शाळेतूनच विचारून घ्या.

मग त्या परीक्षार्थीला भेटा. एकदा भेटून भागत नाही. जुने पेपर घेऊन बसा. तो किती वेगाने सांगतो, तुम्ही किती वेगाने लिहिता, याचा मेळ बसायला वेळ लागतो. ‘थांब’, ‘पुन्हा वाच’, ‘नवा परिच्छेद’ यांसाठी तुमचे ठरलेले शब्द असू द्या.

खरी मेहनत वाचनाची आहे. भाषेची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिकाच, घ्या. ‘आकृतिबंध पूर्ण करा’ एवढंच वाचलंत तर त्याला काय कळणार? ‘मध्ये एक चौकट आहे, तिच्यात अमुक शब्द आहे, तिला चार रिकाम्या चौकटी जोडल्यात’ असं सांगा. ओघतक्ता असेल तर बाण कुठून कुठे जातो आणि कुठली चौकट रिकामी आहे, तेही सांगा. उतारा वाचण्याआधी त्याखालच्या कृती वाचू का, हे विचारा. पुष्कळांना तसं सोपं जातं. प्रत्येक प्रश्नाचे गुण मोठ्याने सांगा, कारण उत्तर किती लांबवायचं ते त्यावरच ठरतं. गणितात ‘अंशात अमुक, छेदात तमुक’ असं म्हणा. कंस कुठे सुरू झाला, कुठे मिटला, वर्गमूळाच्या चिन्हाखाली नेमकं काय काय येतं, हे सांगितलं नाही तर गणितच बदलतं.

आता सगळ्यात अवघड भाग. तो चुकीचं उत्तर सांगेल आणि तुम्हाला बरोबर उत्तर माहीत असेल. तरीही तो सांगेल तेच लिहायचं. स्पेलिंगही त्याचंच. एकाच ठिकाणी ‘नक्की?’ म्हणालात तरी ती सूचना झाली. बहुपर्यायी प्रश्नात योग्य पर्यायावर आवाज जरासा रेंगाळला तरी झाली. ही मुलं आवाजातला एवढासा फरकही टिपतात. सगळे पर्याय एकाच सुरात वाचायचा सराव घरी करा, कुणाला तरी ऐकायला बसवून. दया म्हणून एखादं उत्तर सुधारणं मला अजिबात मान्य नाही. त्याने वर्षभर ब्रेलमधून, ऑडिओवरून अभ्यास केलाय. त्याचे गुण त्याचेच असले पाहिजेत.

ताशी २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. एवढा वेळ सलग, वाचता येईल असं लिहायचा सराव हवा. दोन-तीन चालू पेनं आणि पाण्याची बाटली न्या. केंद्रावर लवकर पोहोचा. तुम्हाला उशीर झाला तर घाबरायचं त्याने. काही शंका आली तर पर्यवेक्षकांना विचारा, आपल्या मनाने ठरवू नका.

शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा. प्रश्न क्रमांक वाचत जा, कुठला सुटलाय ते त्याला सांगा, त्याने म्हटलं तर उत्तरही वाचून दाखवा. पुरवण्या क्रमाने बांधा आणि बैठक क्रमांक पुन्हा पडताळा. बाहेर आल्यावर ‘तुझं ते उत्तर चुकलं’ असं म्हणू नका आणि त्याने काय लिहिलं ते मित्रांनाही सांगू नका. पुढच्या पेपरला किती वाजता भेटायचं, ते मात्र तिथेच ठरवून निघा.